बेंजो गाडीवर चढला तेव्हा

लग्नाची तारीख निघाली की नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरांमध्ये अजूनही एक प्रश्न हमखास निघतो: बँड सांगायचा, बेंजो की डीजे? हॉल आणि केटरर झाले की लगेच याचाच नंबर. घरातली वडीलधारी मंडळी बँड म्हणतात, कारण त्यात शोभा आहे. नवरदेवाचे मित्र डीजेच्या बाजूचे. आणि कसमादेतले, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडचे काका-मामा बेंजोसाठी अडून बसतात. बेंजोशिवाय नाचायला पाय उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज हे तीन पर्याय एका रांगेत मांडले जातात, पण खरं तर ते एकाच वरातीचे तीन काळ आहेत. एकाची जागा दुसऱ्यानं घेतली, दुसऱ्यानं तिसऱ्याला वाट करून दिली. हे का घडलं, आणि याला वाढ म्हणायचं की ऱ्हास, यावर भांडणारे पुष्कळ आहेत. पण बहुतेकांचं भांडण वाद्यांशी असतं, आणि मला वाटतं तिथंच ते चुकतं.

असंच भांडण अमेरिकेत साठच्या दशकात ब्लूग्रास संगीतावरून झालं. ते तबकड्यांमुळे नीट नोंदलं गेलंय, म्हणून आधी तिकडे एक चक्कर मारून येऊ. केंटकीचा बिल मन्रो आणि त्याचे ‘ब्लू ग्रास बॉईज’ यांनी चाळीसच्या दशकात या संगीताला आकार दिला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज त्यांच्यात आला आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी तो बँजोवर सुरांची जी सर सोडायचा, ती या संगीताची ओळख बनली. वाद्यं पाचच: बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास. ढोल-ड्रम काहीच नाही. तालाचं काम मँडोलिन करायची. दोन ठोक्यांच्या मधल्या मात्रेवर तारा दाबून असा तुटक ठोका द्यायचा की ड्रमची उणीव भासू नये. गाणं बऱ्याचदा एकाच मायक्रोफोनपुढे व्हायचं. ज्याची पाळी तो दोन पावलं पुढे यायचा, वाजवून झालं की मागे सरून दुसऱ्याला जागा द्यायचा. कुणाचा आवाज किती मोठा, हे कुठल्या यंत्रावर ठरत नसे, पायांनी ठरायचं.

या घराण्यातला ‘द डिलर्ड्स’ हा बँड आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात सोयीचा. मिसुरी राज्यातल्या सेलम गावचे डग आणि रॉडनी डिलर्ड हे दोघे भाऊ, सोबत मँडोलिनवर डीन वेब आणि बासवर मिच जेन. १९६२ साली ही मंडळी लॉस एंजेलिसला पोचली, १९६३ साली पहिली तबकडी आली, आणि ‘अँडी ग्रिफिथ शो’ या दूरचित्रवाणी मालिकेत डोंगराळ भागातलं गाणारं-वाजवणारं कुटुंब म्हणून ही मंडळी घराघरांत गेली. इथवर सगळं सोवळ्यातलं. १९६८ साली त्यांची ‘व्हीटस्ट्रॉ स्वीट’ आली आणि त्यात ड्रम होते, विजेवरचा बास होता, पेडल स्टील गिटार होती, काही ठिकाणी चक्क वाद्यवृंदसुद्धा. जुने रसिक बिथरले. डग तोवर बँड सोडून गायक जीन क्लार्कबरोबर गेला होता. त्या जोडीबरोबर वाजवणारा बर्नी लेडन पुढे ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’मध्ये आणि १९७१ साली ‘ईगल्स’मध्ये पोचला. ईगल्सच्या ‘टेक इट ईझी’त मागे जो बँजो ऐकू येतो, तो लेडनचा. म्हणजे ज्याला पुढे कंट्री रॉक म्हणून जगभर बाजारपेठ मिळाली, त्याची एक मुळी या मंडळींपर्यंत जाते. आणि गंमत अशी की ज्या अर्ल स्क्रग्जच्या नावानं सनातनी शपथा घ्यायचे, त्यानंही १९६९ साली आपला जोडीदार लेस्टर फ्लॅटशी फारकत घेतल्यावर आपल्या मुलांना घेऊन ड्रम आणि विजेच्या वाद्यांचा संच उभा केला. खुद्द गुरूच बाटला म्हटल्यावर बोलणार कुणाला?

तिकडच्या या कथेत नोंदवण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे. ड्रम आले तेव्हा पहिला फटका बँजोला बसला नाही, मँडोलिनला बसला. ताल धरण्याचं तिचं काम ड्रमनं काढून घेतलं. नवं वाद्य मेळात शिरतं तेव्हा ते कुणाचं तरी काम घेऊनच शिरतं. हे लक्षात ठेवून आता घरी येऊ.

आपल्या वरातीतला बँड हा पलटणींच्या बँडचा वारस. इंग्रजी लष्कराचं संचलन, संस्थानिकांची हौस, आणि मग शहरोशहरी निघालेल्या बँड कंपन्या. कॉर्नेट, क्लॅरिनेट, युफोनियम, छातीवर मोठा ड्रम, कमरेला साइड ड्रम, अंगात झालरीचा लाल कोट. यातली पितळी वाद्यं आजही मोठ्या प्रमाणात मेरठच्या जली कोठी भागात बनतात. ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं २००५ साली ‘ब्रास बाजा’ नावाचं अख्खं पुस्तक या लग्नबँडवाल्यांवर लिहिलं. आपल्याकडे वरातीत नाचणारे लाखो असले, तरी वाजवणाऱ्याची अशी दखल घ्यायला परदेशातून माणूस यावा लागला. आपल्या बँडनं साहेबाची वाद्यं घेतली, पण साहेबाची सुरावटींची रचना घेतली नाही. सगळे मिळून एकच चाल वाजवायची, बहुतेक वेळा सिनेमातली. त्यामुळे आवाज मोठा करायचा तर एकच उपाय: माणसं वाढवा. वीस-पंचवीस माणसांचा बँड म्हणजे घराण्याची इभ्रत. पण वीस-पंचवीस माणसं म्हणजे तेवढ्यांचं जेवण, तेवढ्यांचा प्रवास, आणि चातुर्मासात मुहूर्त नसताना तेवढ्यांचे रिकामे हात. बँडला पहिलं खिंडार पडलं ते इथं.

त्या खिंडारातून बेंजो आत आला. अमेरिकेतल्या त्या बँजोशी याचं नातं नावापुरतंच. आपला बेंजो जपानी. १९१२ साली नागोयामध्ये मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं: लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, बलुचिस्तानात ‘बेंजू’ नावानं मैफलीचं वाद्य झालं, मुंबईच्या कव्वालांकडे आणि भजनी मंडळांत रुळलं, आणि कोकणापासून खानदेशापर्यंत बेंजो झालं. डाव्या हाताची बोटं बटणांवर, उजव्या हातात मिजराब. तार छेडली की सूर लगेच विरतो, म्हणून उजवा हात थांबवायची सोय नाही. मनगट सतत थरथरतं ठेवावं लागतं. त्या थरथरीतूनच बेंजोचा तो ओळखीचा धातूचा, किंचित किनरा आवाज येतो. मींड नाही, श्रुती नाही, त्यामुळे शास्त्रीय बैठकीत त्याला कुणी विचारलं नाही. पण गाण्याची चाल चारचौघांत चटकन ओळखू यावी, हे एवढंच काम असेल तर याच्याइतकं पटाईत वाद्य नाही.

आवाज मात्र इवलासा. ताशापुढे तो कुठं टिकणार? म्हणून पेटीला पिकअप बसला, पिकअपची वायर अँप्लिफायरला गेली, अँप्लिफायरची भोंग्याला. वरातीला तिथून वेगळाच हिशेब लागला. चाल वाजवायला एक माणूस पुरे. बाकी ढोलकी, नाल, ताशा, कच्छी ढोल, काँगो, खुळखुळा मिळून आठ-दहा जण. चालत वाजवायचं तर वायर पायात येते, म्हणून हातगाडी. हातगाडीवर जनरेटर मावत नाही, म्हणून टेम्पो. बेंजो गाडीवर चढला तो असा, एकेका अडचणीवर तोड काढत. कुणी संगीतात क्रांती करायला निघालं नव्हतं.

पाठोपाठ कॅसिओचा कीबोर्ड आला. मग ऑक्टोपॅड, रोलंड कंपनीनं ते वाद्य १९८५ साली बाजारात आणलं आणि आपल्या ऑर्केस्ट्रांनी ते उचलून धरलं. मँडोलिनचं जे झालं तेच इथं खुळखुळ्याचं आणि काँगोचं झालं. आठ रबरी चौकोनांत दहा वाद्यं मावली. गंमत म्हणजे सुरुवातीला पॅडवाला हा पथकातला हिरो असायचा. बेंजोवाला मान खाली घालून बटणांत गुंतलेला, आणि पॅडवाला दोन काड्या फिरवत पोरींच्या गॅलऱ्यांकडे बघणारा. पुढे ठेके पॅडमध्ये आधीच भरून ठेवता येऊ लागले. बटण दाबलं की ठेका चालू. पॅडवाल्याचे हात वर हवेत. ठेका जर आधीच भरलेला असेल तर चालही भरून ठेवायला काय हरकत? आणि दोन्ही भरून ठेवलं तर माणसं कशाला? डीजे बाहेरून कुणी आणून लादला असं आपण बोलतो, पण त्याचा जिना बेंजोच्या गाडीतूनच वर जात होता. बँडला वीस-पंचवीस माणसं लागत, बेंजोला आठ-दहा, डीजेला दोन. लग्नघरातल्या वहीत हा फरक थेट दिसतो.

पाथर्डी फाट्याकडच्या लॉन्सकडे जाणाऱ्या वराती उन्हाळ्यात एकामागून एक निघतात. पुढच्या गाडीत अहिराणी गाणं, मागच्या गाडीत दुसरं अहिराणी गाणं, मध्ये घोड्यावर बसलेला घामेजलेला नवरा. पुढच्यानं आवाज चढवला की मागच्याला चढवावाच लागतो, नाहीतर त्याच्या वरातीतली पोरं पुढच्या ठेक्यावर नाचायला लागतात. हे मी पाहिलंय. मागच्या वरातीतले दोन मामा चुकून पुढच्या वरातीबरोबर बरंच अंतर नाचत गेले होते. अशा वेळी बेंजोवाल्याच्या बोटांत काय जादू आहे याला काही किंमत उरत नाही. त्यानं हळुवार काही वाजवलं तर ते त्याचं त्यालाही ऐकू येणार नाही.

डिलर्ड्सनी विजेची वाद्यं घेतली आणि त्यातून एक नवं संगीत निघालं. आपल्या बेंजोवाल्यांनी विजेची वाद्यं घेतली आणि त्यातून त्यांना बेकार करणारी गाडी निघाली. वीज तीच. फरक असा की डिलर्ड्सचं ते काम स्टुडिओत झालं आणि तबकडीवरून घरोघर ऐकलं गेलं. तबकडी ऐकणाऱ्याच्या हातात आवाजाचं बटण असतं. नको असेल तर तो कमी करतो, आवडलं तर पुन्हा लावतो, आणि चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना त्याला मागची बारीक हरकत सापडते. त्यामुळे वाजवणाऱ्याला बारीक काम करण्यात अर्थ वाटतो. मिरवणुकीत ते बटण ऑपरेटरच्या हातात असतं आणि ऐकणाऱ्याच्या हातात फक्त खिडकी लावून घेणं. जिथं ऐकणारा आवाज ठरवतो तिथं वाद्यमेळ वाढतो; जिथं शेजारची गाडी ठरवते तिथं तो नुसता मोठा होत जातो. वीज वाईट आणि चामडं चांगलं, असल्या वाटणीनं हे कोडं सुटत नाही.

कायद्यानं या बटणावर हात ठेवायचा प्रयत्न केला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालच्या निकालात पक्कं केलं. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला. ५५ डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त नाही, हे ध्यानात घेतलं तर काटेकोर अंमलबजावणीत ताशाच काय, वरमाईचा आवाजही बसणं कठीण. त्यामुळे नियम कागदावर कडक आणि रस्त्यावर तडजोडीचा, असं चालत आलंय. मात्र दहाची वेळ लोकांच्या अंगवळणी पडली. वराती लवकर निघू लागल्या, ही त्याची खरी कमाई.

डीजेवर बंधनं आली तशी नाशिक ढोलाची चलती झाली, आणि इथं आपल्या शहराला थोडी मिरवायला जागा आहे. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थापी, अंगावर रेलणारा मोठा ढोल, त्यावर ताशाची तर्री. पूर्वी ताशाचं पान शेकून तापवावं लागे. आता प्लास्टिकची पानं आली आणि पावसातही पथक थांबत नाही. हा बाज केरळात ‘नासिक डोल’ म्हणून पोचला आणि तिथल्या उत्सवांत, निवडणुकीच्या प्रचारात मल्याळी पोरं तो वाजवतात. मंगळूर-उडुपीकडे ‘नासिक बँड’ या नावानं तो लग्नांत असतो. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या आपल्या विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकं आणि गुलालवाडी व्यायामशाळेचं लेझीम यांना जी दाद मिळते, ती कुठल्याही डीजेला मिळत नाही. आणि इंदिरानगरच्या बोगद्यात एखादं पथक शिरलं की तिथली घुमारी अनुभवायला माणसं गाड्या बाजूला लावून थांबतात.

पण ढोल आला म्हणजे मूळ परंपरा परतली, असं समजणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. पन्नास-पन्नास, शंभर-शंभर ढोलांची एकसाथ रांग ही गावच्या जत्रेतली गोष्ट नव्हे. ती शहरातली अलीकडची बाब आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेनं विद्यार्थ्यांच्या हाती ढोल दिले आणि त्यातून पथकांची चळवळ उभी राहिली. आवाजाच्या चढाओढीतून ढोलही सुटलेला नाही, त्यानं फक्त विजेऐवजी माणसं लावली, म्हणजे जुन्या बँडचाच हिशेब. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी ३० जणांची मर्यादा घातली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. जुन्या बँडशी फरक असा की बँडवाल्यांना पगार द्यावा लागे. पथकात पोरं-पोरी हौसेनं येतात, फेटा बांधून, सरावाला महिनाभर घाम गाळून.

इथं एक अवघड गोष्ट बोलून टाकली पाहिजे. गावगाड्यात वाजवणं हे ठरावीक जातींवर लादलेलं काम होतं. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते निर्धारानं सोडलं. बँडमध्ये, बेंजोत पोटासाठी वाजवणारे बहुतांशी त्याच थरांतले किंवा चाळी-झोपडपट्ट्यांतले. पोटासाठी वाजवणारा ‘बेंजोवाला’ आणि हौसेसाठी वाजवणारा ‘वादक’, हा भेद आपण फार सहज करतो. पथकाच्या वादकाचा फोटो पेपरात येतो, बेंजोवाल्याला जेवायला मागच्या दारी बसवतात. वाद्यमेळ वाढायला वाद्यांइतकीच प्रतिष्ठा लागते. डिलर्ड्सना ती टीव्हीनं दिली. बेंजोला सिनेमानं द्यायचा प्रयत्न केला: रवी जाधव यांचा ‘बँजो’ २०१६ साली आला, रितेश देशमुख त्यात मुंबईच्या वस्तीतला बेंजोवाला होता आणि न्यूयॉर्कहून आलेली एक मुलगी त्याच्या वादनाच्या शोधात असते. रस्त्यावरचं वाद्य रॉकच्या मंचावर नेण्याची कल्पना झकास होती. चित्रपट चालला नाही.

जे चाललं ते वेगळ्या वाटेनं. त्याच वर्षीच्या ‘सैराट’मध्ये अजय-अतुल यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत भलाथोरला वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि त्याच चित्रपटात ‘झिंगाट’ ठेवलं, ज्याचा सगळा अंगचा ताल वरातीतला. रस्त्याकडून घेतलेलं स्टुडिओत घासूनपुसून पुन्हा रस्त्यावर आलं, आणि त्या वर्षापासून एकही बेंजोपार्टी ते वाजवल्याशिवाय सुटली नसेल. ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा बँड अभंगांना गिटार-ड्रमच्या मेळात आणतो, तोही तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांपुढे. हे डिलर्ड्सच्या जवळ जाणारे नमुने. यात कमी आहे ती बेंजोवाल्यांचीच. त्यांची स्वतःची म्हणावी अशी रचना, त्यांच्या नावानं ओळखली जाणारी चाल यातून उभी राहिली नाही.

अमेरिकेत १९७२ साली ‘निटी ग्रिटी डर्ट बँड’ या तरुण रॉक पोरांनी मेबेल कार्टर, रॉय एकफ, डॉक वॉटसन, अर्ल स्क्रग्ज अशा बुजुर्गांना स्टुडिओत बोलावून तीन तबकड्यांचा संच काढला. बिल मन्रोनं यायला नकार दिला, तरी संच गाजला आणि म्हाताऱ्यांचे बारीक हात जतन झाले. आपल्याकडे ज्यांच्याकडे स्टुडिओ आहे त्यांनी बेंजोवाल्यांना असं बोलावण्यात मोठासा खर्चही नाही. एक पेटी, एक नाल, एक ताशा आणि तिघांना वेळेवर बिदागी.

तोवर बेंजोनं आपली सोय स्वतःच बघितलीय. वरात डीजेनं आणि मिरवणूक ढोलानं नेल्यावर त्याला हळद उरली. इंदिरानगरात, राणेनगरात, चेतनानगरात हळद बऱ्याचदा इमारतीच्याच पार्किंगमध्ये होते. तिथं टेम्पो शिरत नाही, जनरेटर लागत नाही, सोसायटीचा चेअरमन वरून खाली बघत असतो. म्हणून पाच-सहा जणच येतात, एक छोटा स्पीकर, एक पॅड, एक ढोलकी आणि बेंजो. शेजारची गाडी नाही, त्यामुळे चढाओढ नाही. दहाच्या आत आटोपायचं म्हणून सातलाच सुरुवात. आणि मावशी, आत्या, शेजारच्या काकू जवळ जाऊन हवं ते गाणं सांगतात, कुणी ‘जरा हळू वाजवा हो’ म्हणतं, आणि बेंजोवाला खरंच हळू वाजवतो.